बीटा क्षयात मार्क का जातात? सेकंड पीयूच्या (कर्नाटकातल्या बारावीच्या) मुलांनो, या चुका टाळा

अणुकेंद्रकाचा धडा म्हणजे हातखंडा मार्क, असं बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत क्लासवाले सांगतात. खोटं नाही, आकडेमोड चार ओळींची असते. तरी पोरं इथं हकनाक मार्क घालवतात, आणि बहुतेक वेळा बीटा क्षयात, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्षयात.

अल्फा जमतो. युरेनियम-238 मधून हेलियमचं केंद्रक निघतं, वस्तुमानांक 4 ने आणि अणुक्रमांक 2 ने उतरतो, थोरियम-234 राहतं. पुढं हे थोरियम बीटा सोडतं आणि गाडं अडतं. 'इलेक्ट्रॉन गेला, म्हणजे एक कमी' असं धरून थोरियमच्या अणुक्रमांकाचे, 90 चे, सरळ 89 केले जातात. पण हा इलेक्ट्रॉन कक्षेतला नव्हेच. केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, त्या घडीलाच इलेक्ट्रॉन तयार होऊन बाहेर पडतो. ऋण प्रभार बाहेर गेला तर आत धन प्रभार एकाने वाढणारच. म्हणून 91, प्रोटॅक्टिनियम. वस्तुमानांक 234 तसाच. समीकरणात अँटिन्यूट्रिनोही लिहा. बीटा कण वेगवेगळ्या ऊर्जेने बाहेर पडताना दिसत, मग उरलेली ऊर्जा जाते कुठं? या कोड्यासाठीच भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने 1930 मध्ये असा एक कण सुचवला होता.

युरेनियम-238 पासून शिसं-206 होईपर्यंत अल्फा किती, बीटा किती, हा नेहमीचा प्रश्न. अणुक्रमांकापासून सुरुवात केली की फसलात: 92 वजा 82, भागिले 2, अल्फा 5! बीटा वस्तुमानांकाला हात लावत नाही, म्हणून आधी तोच धरा. 238 वजा 206 म्हणजे 32, भागिले 4, अल्फा 8. त्यांनी अणुक्रमांक 16 ने उतरून 76 होतो. शिसं 82 वर आहे, म्हणजे बीटा 6. गॅमाने यातलं काहीच बदलत नाही, फक्त ऊर्जा जाते.

आता अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या केंद्रकांचा क्षय व्हायला लागणारा काळ. आयोडीन-131 चा अर्धायुकाल साधारण 8 दिवस. 16 ग्रॅम घेतलं तर 24 दिवसांनी 2 ग्रॅम उरतं, 14 ग्रॅमचा क्षय होतो. पर्यायांत 2 आणि 14 दोन्ही असतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या पोराची इंग्रजी प्रश्न घाईत वाचताना इथंच गल्लत होते. सीईटीत चुकलं तर मार्क कापत नाहीत; नीटमध्ये मात्र कापतात. आणि ते 14 ग्रॅम हवेत विरले असं समजू नका, त्यांचं झेनॉन झालं.

20 दिवसांनी किती, असं विचारलं तर? 16 दिवसांनी 4, 24 दिवसांनी 2, म्हणून मधे 3 असं लिहून मोकळं होणारे खूप. उत्तर 2.83 ग्रॅम येतं, कारण क्षय सरळ रेषेत होत नाही; 16 ला 2 च्या अडीचाव्या घाताने भागावं लागतं.

बेकेरेलमध्ये, म्हणजे सेकंदाला किती क्षय होतात त्यात, उत्तर हवं असेल तर आधी दिवसांचे सेकंद करा. 8 दिवस म्हणजे 6,91,200 सेकंद. 0.693 ला त्याने भागलं की क्षयस्थिरांक सेकंदाला साधारण दहा लाखांत एक येतो. उत्तर एकाही पर्यायाशी जुळत नसेल तर पहिली शंका इथंच घ्या.

शेवटची गल्लत विखंडन आणि क्षय यांची. ती कारवारकडच्या पोरांना समजावणं सोपं जातं, कारण काळी नदीकाठचं कैगा अणुवीज केंद्र त्यांना ठाऊक असतं. तिथल्या 220 मेगावॅटच्या चार भट्ट्यांत वीज होते ती मुख्यतः विखंडनातून. न्यूट्रॉन आदळून केंद्रक दुभंगतं, आणि नियंत्रक दांडे घालून ते थांबवता येतं. पण तुकड्यांचा किरणोत्सारी क्षय दांड्यांना जुमानत नाही. भट्टी बंद केल्याकेल्याही पूर्ण क्षमतेच्या 6 ते 7 टक्के उष्णता निघतच असते, म्हणून ती थंड ठेवत राहावं लागतं. थंड केल्याने फक्त उष्णता निघून जाते, क्षय आपल्या गतीने चालूच राहतो. त्यामुळे 'तापमान उतरवलं की क्षय मंदावतो' असा पर्याय दिसला तर डोळे झाकून खोडा.