काच किंवा प्लॅस्टिकची वस्तू का फुटली, हे तुकड्यांवरून कसं ओळखावं

काहीही फुटलं की सल्ला मिळतो, ‘तुकडे जुळवून बघ’. कृपा करून जुळवू नका. तुटलेल्या कडा एकमेकींवर घासल्या की ज्या खुणा वाचायच्या, त्याच जातात. तुकडे शेजारी शेजारी मांडा, मध्ये बोटभर जागा ठेवा. जाड हातमोजे, दहापट भिंग आणि टॉर्च पुरे.

आधी फोटो काढा. मग तड्यांचे फाटे बघा. तडा पुढे जाताना त्याला फाटे फुटत जातात, म्हणून फाट्यांकडून बुंध्याकडे उलटं चालत जा. बुंधे जिथे एकत्र येतात, त्याच्या आसपास उगम, म्हणजे तडा सुरू झाला ती जागा, असते.

खरी अडचण इथे सुरू होते. तुटलेल्या कडेवर जिथे सगळ्यात जास्त खडबड, तिथेच सुरुवात, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. साफ चूक. काचेत उगमाजवळचा भाग आरशासारखा गुळगुळीत असतो. तडा वेग घेतो तशी कड धुरकट होते, आणि खरखरीत रेघा त्याच्याही पुढे येतात. टॉर्च तिरपी धरा, समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही. कडेवर बारीक कमानदार लहरी दिसल्या, तर त्यांची पोकळ बाजू उगमाकडे असते. हा आरसा, म्हणजे उगमाजवळचा गुळगुळीत भाग, लहान असेल तर ताण मोठा होता. आरसा पसरट असेल तर काच थोड्या ताणातच गेली, म्हणजे तिथे आधीच मोठी इजा होती.

माझ्या एका जाड काचेच्या जगचं बूड गरम पाणी ओतताच सुटलं. दोष पाण्याचा, असं मी ठरवून टाकलं होतं. आरसा सापडला तो बुडाच्या बाहेरच्या कडेला, आणि त्याच्या मधोमध नखाएवढा जुना टवका. गरम पाण्याने आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची ताणली जाते, आणि तो ताण टवक्यावर एकवटतो. नुसतं पाणी किंवा नुसता टवका, यातलं एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कडक केलेल्या (टफन्ड) काचेचे बारीक चौकोनी दाणे होतात. ते विखुरले असतील तर उगम शोधण्यात वेळ घालवू नका.

प्लॅस्टिक सोपं आहे. तुटलेली जागा ताणून पांढरी पडली असेल, तर भार जास्त झाला. एकामागे एक शिंपल्यासारख्या कमानी असतील, तर पुन्हा पुन्हा वाकून थकलं. उन्हाच्या बाजूला पृष्ठभाग खडूसारखा होऊन जाळीदार भेगा पडल्या असतील, तर उन्हाने मारलं. कड सपाट, चकचकीत, कुठे पांढरेपणा नाही, तर त्या वस्तूला तेल, अल्कोहोल किंवा साफसफाईचं द्रावण लागलं होतं का, हे आधी विचारा. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ताणाखाली असताना अशा गोष्टींनी तडकतात, विशेषतः घट्ट पिळलेल्या स्क्रूभोवती आणि आतल्या धारदार कोपऱ्यात.

तशीच दुसरी वस्तू घरात असेल, तर तिचा तोच कोपरा उजेडात फिरवून बघा. चंदेरी केसासारख्या रेघा दिसल्या, तर तो स्क्रू आजच सैल करा.