खाजनाचा धडा सगळ्यांपर्यंत पोचवायचाय? मग या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या इको क्लबाने गोव्यातल्या चोडण बेटावर जाऊन खाजन शेतीवर (खारं पाणी बांधाने अडवून केलेली नदीकाठची शेती) तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. बांध, तिवरं, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं फळ्यांचं दार, सगळं त्यात होतं. आवाज माझाच: "हे बघा, इकडून पाणी असं येतं आणि तिकडे असं जातं." वर्गात दाखवून झाल्यावर डोळ्यांनी दिसत नसलेला एक मुलगा म्हणाला, "टीचर, इकडून म्हणजे नदीकडून की शेताकडून?"

मला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचाच. मानशीची सगळी करामत दिशेतच आहे. भरतीचं खारं पाणी नदीकडून रेटतं तेव्हा फळ्या मिटतात. ओहोटी लागली की शेताकडच्या पाण्याचा जोर वाढतो आणि त्याच फळ्या उघडतात. हे एवढं बोलायला दहा सेकंद लागतात आणि ते न बोलता मी नुसतं बोट दाखवलं होतं. व्हिडिओ पुन्हा करताना एक नियम ठेवला: आधी डोळे मिटून ऐकायचा. कळला नाही तर बोलणं बदलायचं, कॅमेरा नव्हे. गंमत म्हणजे नवा व्हिडिओ डोळस मुलांनाही जास्त कळला. "असं" म्हणजे कसं, हे त्यांनाही कुठे कळलं होतं!

दुसरी चूक व्हॉट्सॲपवरची. हाताने लिहिलेल्या कार्यपत्रिकेचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावलेल्या फोनला तो निव्वळ फोटो. त्यातला मजकूर मुलापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. बरं, टाइप केलं तरी काम संपलं असं नाही. जुन्या डीटीपी फॉन्टात केलेला मजकूर दिसायला मराठी, पण आतून इंग्रजी अक्षरांचा काला. ओळखायची युक्ती सोपी: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे भलतंसलतं उमटलं तर फोनही तेच वाचणार. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्यावाचून सुटका नाही. मजकूर ठीक आहे पण उच्चार विचित्र येतात, असं असेल तर फोनचा वाचनाचा आवाज हिंदीवर किंवा इंग्रजीवर असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून घ्या. संगणकावर पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीबरोबर कोंकणीही आहे. आवाज यंत्रासारखा कोरडा, पण मुलांना त्याची सवय पटकन होते. सवय होत नाही ती आपल्याला.

रंगांचं तर विचारूच नका. ओला-सुका कचरा वेगळा करायचा संगणकावरचा खेळ आम्ही केला: हिरवा डबा, लाल डबा. एक मुलगा सारखा चुकायचा आणि सगळे हसायचे. त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, हे फार उशिरा ध्यानात आलं. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, पण रंगांधळेपण त्यात नाही. त्यामुळे ना दाखला, ना कुठे नोंद. आता डब्यावर शब्द आहे आणि चित्रही. खेळाचा पडदा काळा-पांढरा छापून बघा. तरीही खेळता आला तर ठीक.

कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओखाली आपोआप येणाऱ्या मथळ्यांवर (कॅप्शनवर) विसंबू नका. आमच्या व्हिडिओत 'खाजन'चा 'खजाना' झाला होता. मथळे हाताने दुरुस्त करा. शिवाय ज्या मुलाची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्याला मराठी मथळा ही दुसरी भाषाच. मानस, कोरगुट (खाजनातला भात) असे गावचे शब्द आले की चित्र दाखवून, त्याच्यासोबत बसून खूण ठरवावी लागते. वेळ जातो. जाऊ द्या.

नवे टॅब मागवण्याआधी कपाटातले जुने फोन चालू होतात का ते बघा. शाश्वत विकासाचा धडा द्यायचा आणि ई-कचरा वाढवायचा, हे काही बरं नव्हे. सत्तरी तालुक्यात पावसात रेंज गेली की ऑनलाइन धडा गेलाच, तेव्हा व्हिडिओ मेमरी कार्डवर असलेला बरा.

सगळ्यात मोठी चूक मात्र यंत्राची नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या चौथ्या ध्येयात दिव्यांगांना समान शिक्षण हे लक्ष्य ४.५ आणि शाश्वत विकासाचं शिक्षण हे लक्ष्य ४.७, एकाच पानावरचे शेजारी. शाळेत पहिलं विशेष शिक्षकाकडे, दुसरं इको क्लबाकडे, आणि दोघांची गाठ स्नेहसंमेलनात. मग सहलीच्या दिवशी "बांध अरुंद आहे, तू घरी थांब, तुला व्हिडिओ दाखवू" असं होतं. व्हीलचेअर बांधावर जात नाही हे खरं. पण फेरीबोटीत जाते, रस्त्यापर्यंत जाते. तिथून भरतीच्या वेळा टिपणं, मोबाइलवर आवाज भरणं, बांधावरच्या गटाशी व्हिडिओ कॉलवर बोलून नकाशात खुणा करणं ही खरी कामं आहेत, सांत्वनाची नव्हेत.

यंदा आवाज भरायचं काम "इकडून म्हणजे कुठून" विचारणाऱ्या त्या मुलाने मागून घेतलं. फळ्या मिटतानाचा आवाज त्याने टिपलाय आणि व्हिडिओ आता तिथूनच सुरू होतो. त्याची तक्रार एकच: मागे फेरीचं इंजिन ऐकू येतं. ते कसं काढायचं, ते आम्हाला अजून जमलेलं नाही.