चाकांचा टो घरीच मोजा: ओळंबा, खडू आणि थोडा गुणाकार

अलाइनमेंट करून निघताना टायरवाला एक छापील कागद देतो. आपण तो घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. मी एकदा उघडून वाचला आणि डोक्याला ताप करून घेतला. पुढच्या चाकांचा टो लिहिला होता ०° १२'. मी तो ०.१२ अंश असा वाचला. गाडीच्या पुस्तकात आकडा मिलिमीटरमध्ये, त्यामुळे दोन दिवस हिशेब जुळेना. मग लक्षात आलं की ती बाराची खूण मिनिटांची आहे. अंशाची मिनिटं घड्याळासारखीच, साठांची. म्हणजे १२ मिनिटं = ०.२० अंश.

टो म्हणजे काय ते आधी. उभं राहून आपलेच पाय बघा. चवडे आत वळलेले असले तर टो-इन, बाहेर फाकलेले असले तर टो-आउट. चाकांचंही तसंच. एक चाक सरळ रेषेपासून फक्त ०.१ अंश तिरकं असलं, तरी किलोमीटरमागे ते जवळजवळ पावणेदोन मीटर आडवं ओढलं जातं. टायर उगाच झिजत नाहीत. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या नक्षीवरून, हात आडवा फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं बोचलं, तर टोवर संशय घ्यायला हरकत नाही.

मोजायला गवंड्याचा ओळंबा, स्टीलची टेप, खडू, खिळा, मास्किंग टेप, पेन्सिल आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी एवढं लागतं. जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगमधली फरशी चालते, उतारावरचा रॅम्प नाही. चारही टायरमध्ये हवा बरोबर भरा. पुढचं एकेक चाक उचललं की दोन्ही बाजूंनी धरून हलवून बघा. टाय-रॉडच्या (स्टेअरिंगपासून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकाला खडखड असेल तर मोजमाप बाजूला ठेवा आणि आधी तो पार्ट बदला.

आता मुख्य काम. मागच्या चाकांना विटा लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. ट्रेडच्या मधल्या पट्ट्यावर खडू फासा. खिळा स्टुलावर घट्ट दाबून धरा, टोक खडूला टेकवा आणि चाक हाताने गरागरा फिरवा. एक बारीक, अखंड रेघ उमटेल. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ चाक ज्या पातळीत फिरतं त्याच पातळीत असते, म्हणून मी रिमच्या काठावरून मोजत नाही. दुसऱ्या चाकावरही अशीच रेघ काढा.

गाडी खाली उतरवली की लगेच मोजू नका. जॅकवरून आलेली चाकं आत-बाहेर ताणलेली असतात. विटा काढा, स्टेअरिंग सरळ धरून गाडी चार-पाच मीटर पुढे ढकला आणि पुढे जाता जाताच थांबवा.

मग ओळंब्याचा दोरा टायरच्या वरच्या बाजूला रेघेवर चिकटवून पुढच्या अंगाने खाली सोडा. दोरा टायरच्या गोलाईवरून येतो आणि सर्वांत पुढच्या बिंदूला सुटून सरळ लोंबतो. तो बिंदू आपोआप चाकाच्या मध्याच्या उंचीवर येतो, वेगळी उंची मोजायची गरज नाही. टोकाखाली फरशीवर मास्किंग टेप लावून पेन्सिलीने ठिपका द्या. तसाच चाकाच्या मागच्या अंगाला. दोन्ही चाकांचे मिळून चार ठिपके झाले की गाडी बाजूला घ्या आणि निवांत मोजा. गाडीखाली सरपटायला नको.

समजा पुढच्या दोन ठिपक्यांतलं अंतर १४१८ मिमी आणि मागच्या दोन ठिपक्यांतलं १४२१ मिमी भरलं. पुढे ३ मिमी कमी, म्हणजे टो-इन. एकाच चाकाच्या पुढच्या-मागच्या ठिपक्यांतलं अंतर हा टायरचा व्यास. १८५/६५ आर १५ टायरला तो सुमारे ६२० मिमी येतो. आता गुणाकार:

फरक ÷ व्यास × ५७.३ = एकूण टो, अंशांत
त्याला ६० ने गुणलं की मिनिटं

३ ÷ ६२० × ५७.३ म्हणजे ०.२८ अंश, सुमारे १७ मिनिटं. ही दोन्ही चाकांची बेरीज आहे. एका चाकाच्या वाट्याला त्याच्या निम्मी. छापील कागदावर डावं-उजवं वेगळं लिहिलेलं असेल, तर तुलना करताना हे विसरायचं नाही.

मिलिमीटरचा आकडा एकटा फसवा असतो. हाच ३ मिमीचा फरक कुणी रिमवर, ४०० मिमी अंतरावर मोजला असेल, तर तो २६ मिनिटं होतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात मिमी दिले असतील, तर ते टायरवर मोजायचे की रिमवर, हे आधी बघा. उलट जायचं असेल तर मिनिटांना ३४३८ ने (५७.३ × ६०) भागून व्यासाने गुणा. माझी ती १२ मिनिटं ६२० मिमी व्यासाला २.२ मिमी निघाली.

सगळं पुन्हा एकदा, गाडी ढकलण्यापासून, करून बघा. दोन वेळच्या फरकांत १ मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर कुठेतरी हात हलला आहे. या टायरला १ मिमी म्हणजे साडेपाच मिनिटं. त्याहून बारीक दुरुस्ती घरच्या टेपने करायच्या फंदात मी पडत नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर दोन्ही टाय-रॉड सारखेच फिरवा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहील. रॉडच्या आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आणि स्टेअरिंग आर्म (चाकाकडचा, टाय-रॉड जोडलेला दांडा) १२० मिमीचा धरला, तर एका पूर्ण फेऱ्याला त्या चाकाचा टो सुमारे ४३ मिनिटं बदलतो. वरच्या उदाहरणात शून्यावर यायला प्रत्येक बाजूला पाव फेराही लागत नाही. स्टेअरिंगची रॅक (टाय-रॉड ढकलणारा आडवा दांडा) अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केल्याने टो-इन वाढतं, पुढे असेल तर उलट. रॉड फिरवण्याआधी रॉडवरच्या रबरी बूटची (आवरणाची) बाहेरची क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळवटून फाटतो. लॉकनट (रॉड आपोआप फिरू नये म्हणून असलेला नट) घट्ट आवळा, गाडी पुन्हा चार मीटर ढकला आणि नवी मास्किंग टेप चिकटवा.