एव्हगॅस आणि पेट्रोल घरी साठवताना : बडोद्याच्या हवेत पाळायची पथ्ये

पॅरामोटर (पाठीवरच्या इंजिनाने उडणारं पॅराशूट), मायक्रोलाइट (एक-दोन माणसांचं हलकं विमान) किंवा पेट्रोलवर चालणारं मोठं मॉडेल विमान बाळगणाऱ्याला थोडं इंधन हाताशी ठेवावंच लागतं. ते किती, कशात आणि कुठे ठेवायचं, याचा विचार मात्र बरेचदा कॅन घरी आल्यावर सुरू होतो. तो आधी करायला हवा.

पहिली गल्लत नावातच होते. ‘विमानाचं इंधन’ म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने पुढे येतात. एव्हगॅस 100 एलएल हे पिस्टन इंजिनाचं शिसंयुक्त पेट्रोल. त्याला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असतो. एटीएफ म्हणजे जेट विमानांचं इंधन. ते जातीने केरोसीन. स्पार्क प्लगच्या इंजिनात एटीएफ गेलं तर ठोके बसून पिस्टनचं वाटोळं होतं. खात्री करायची असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. शुद्ध एव्हगॅस उडून जातं आणि कागद कोरडा होतो. केरोसीन मिसळलेलं असेल तर तेलकट कडं मागे राहतं. काचेच्या बरणीत निळा रंग फिका किंवा पिवळसर दिसला तरी ते इंधन इंजिनात घालू नका.

एव्हगॅस आता आपल्या दारातच तयार होतं. इंडियन ऑइलच्या कोयलीतल्या गुजरात रिफायनरीत बनलेलं देशी एव्हगॅस सप्टेंबर 2022 मध्ये बाजारात आलं. पण रिफायनरी जवळ आहे म्हणून ते किरकोळीत मिळतं असं नाही. पुरवठा बॅरलने होतो आणि 200 लिटरचं बॅरल घरी ठेवता येत नाही. ते परवाना असलेल्या फ्लाइंग क्लबच्या साठ्यात राहावं आणि तुम्ही लागेल तेवढंच न्यावं.

कायद्याचा आकडा पाठ असू द्या. पेट्रोल आणि एव्हगॅस दोन्ही ‘अ’ वर्गातली, म्हणजे सर्वांत सहज पेट घेणाऱ्या इंधनांतली. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ‘अ’ वर्गाचं इंधन एका व्यक्तीला परवान्याशिवाय एकूण 30 लिटरपर्यंत ठेवता येतं. दोन्ही मिळून 30, प्रत्येकी नव्हे. भांडं घट्ट बुचाचं हवं. धातूचं असेल तर 25 लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर 1 लिटरपेक्षा मोठं नको. या यादीत प्लॅस्टिक नाही. त्यापुढचा साठा करायचा असेल तर परवाना लागतो आणि तो विषय नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) अखत्यारीत येतो.

घरासाठी आमची शिफारस 30 ची नाही. पाच लिटरचे दोन कॅन पुरे. कॅन लहान असला की उचलताना सांडत नाही, लवकर संपतो आणि आत हवा साचून राहत नाही.

कॅन पोलादी घ्या, पत्रा जाड, आतून इंधनाला टिकणारा लेप दिलेला. जस्त चढवलेला डबा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालत नाही. पितळी किंवा तांब्याची तोटी लावू नका. तांब्यामुळे पेट्रोलमध्ये लवकर डिंकासारखा चिकट साका धरतो. झाकणाचा वायसर नायट्राइल किंवा व्हायटन रबराचा हवा. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला वायसर आठवड्याभरात फुगतो आणि झाकण बसेनासं होतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत मॉडेलचं इंधन ठेवण्याची सवय तर लगेच मोडा. उन्हात ती बाटली फुगते, तिच्यावर स्थिर वीज साचते आणि घरातलं मूल ते सरबत समजून तोंडाला लावू शकतं.

भरताना कॅन जमिनीवर ठेवा. गाडीच्या डिकीत, रबरी मॅटवर किंवा स्कूटरच्या पायाशी ठेवून भरू नका. तिथे स्थिर विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवूनच धरा आणि सावकाश भरा. घरी एका कॅनमधून दुसऱ्यात ओतताना नरसाळं धातूचं हवं. दोन्ही कॅनना दोन टोकांना क्लिप असलेली तांब्याची वायर आधी जोडा आणि काम संपलं की शेवटी काढा. क्लिपखालचा रंग खरवडून उघडा पत्रा काढावा लागतो. रंगावर बसलेल्या क्लिपचा काही उपयोग नाही.

कॅन काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. 20 लिटरचा कॅन पहाटे 25 अंशांना गच्च भरला आणि दुपारी 45 अंशांवर गेला, तर जवळजवळ 400 मिलिलिटर इंधनाला आत जागाच उरत नाही. मग ते वायसरमधून पाझरतं नाहीतर कॅनचा तळ बाहेर येतो. पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचारच भरा. तापलेला कॅन उघडताना तो सावलीत थंड होऊ द्या, तोंड बाजूला करा आणि झाकण पाव आटा फिरवून आधी वाफ सुटू द्या.

मुळात धोका आहे तो या वाफेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरकत सखल भागात साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्का असलं तरी ठिणगी पुरते. म्हणूनच रिकामा वाटणारा कॅन भरलेल्यापेक्षा जास्त घातक ठरतो, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. रिकाम्या कॅनला कधीही वेल्डिंग करून घेऊ नका.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत जिन्याखालची खोली मोकळी असते आणि कॅन नेमका तिथे जातो. त्याच भिंतीला इन्व्हर्टर असतो, पलीकडे देवघर आणि देवघरात नंदादीप. फ्रिजचा रिले, गॅस गिझर, चार्जिंगला लावलेली स्कूटर, सगळं ठिणगीचं साधन. कॅन राहत्या घराबाहेर, सावलीत, खाली आणि वर दोन्हीकडे जाळी असलेल्या पत्र्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. फ्लॅटमध्ये अशी जागा नसेल तर इंधन घरी ठेवूच नका, क्लबवर ठेवा. चार किंवा सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक कपाटाजवळ हवं, पण अगदी कपाटाला टेकून नको. आग तिथेच लागली तर ते काढणार कसं? सोबत कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

बडोद्यात वर्षाचे तीन काळ वेगळे सांभाळावे लागतात. मे महिन्यात ऊन. पावसाळ्यात विश्वामित्री नदीचा पूर. ऑगस्ट 2024 च्या पुरात ज्या भागांत पाणी शिरलं, तिथे जून ते सप्टेंबर घरी साठा नकोच. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने भरलेला कॅनसुद्धा तरंगत कुठेही जातो. तिसरा काळ दिवाळी ते उत्तरायण. गच्चीवर कॅन ठेवला आणि रात्री कुणाचा जळता तुक्कल (उडवलेला कागदी कंदील) किंवा भरकटलेला रॉकेट तिथेच उतरला, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

टिकण्याचं गणित इंधनावर अवलंबून आहे. एव्हगॅसमध्ये इथेनॉल नसतं. बंद, थंड आणि जवळजवळ भरलेल्या कॅनमध्ये ते वर्षभर चांगलं राहतं. पंपावरचं पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी वाढलं की ते दोघं मिळून तळाशी वेगळा थर धरतात आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. पिकअप नळी तळातून खेचते, म्हणजे इंजिनाला जातो तो पाण्याचा थर. असं पेट्रोल पावसाळ्यात महिन्याच्या आत संपवा. मायक्रोलाइटच्या रोटॅक्स 912 इंजिनाला इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालतं, हेही ध्यानात असू द्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का ते पाहायचं तर मोजनळीत 10 मिलिलिटर पाणी आणि 90 मिलिलिटर पेट्रोल घेऊन हलवा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाची रेघ 10 च्या वर चढली की इथेनॉल आहे.

टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण लागेल तेवढंच करा. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर तेल, 40 ला 1 म्हणजे 25. चार लिटरला 50 च्या प्रमाणात 80 मिलिलिटर. बाटलीच्या टोपणाने अंदाजे मोजू नका. आधी निम्मं इंधन, मग सगळं तेल, हलवा, मग उरलेलं इंधन, पुन्हा हलवा. दोन-तीन आठवड्यांत संपवा. कॅनवर तारीख, इंधनाचा प्रकार आणि प्रमाण मराठीत आणि गुजरातीत लिहा. कॅन उचलणारा दरवेळी तुम्हीच असाल असं नाही.

एव्हगॅसमधलं शिसं त्वचेतून शरीरात जातं. नायट्राइलचे हातमोजे घाला, त्याने कार्ब्युरेटर किंवा हात धुऊ नका, आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तर घालूच नका. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही निकामी होतात.

सांडलंच तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. माणसांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, वाळू टाका आणि भिजलेली वाळू व फडकी मोकळ्या हवेत, कुणाची ये-जा नसेल तिथे सुकू द्या. जुनं इंधन गटारात ओतू नका, वाफ पाइपातून शेजाऱ्याच्या मोरीत निघते. एव्हगॅसचं उरलंसुरलं वेगळ्या खुणेच्या कॅनमध्ये जमवून क्लबच्या परवानाधारक साठ्याकडे किंवा घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या.