मॉर्फिनच्या जोडीला: इंदूरमध्ये पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद किंवा योग-निसर्गोपचार शिकून पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या कामाकडे, वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कुठली थेरपी शिकू?' असा असतो. मसाज, सुगंध, संगीत, श्वसन, यातलं काहीही शिकता येतं. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी: या प्रत्येकाला मात्रा आहे, वेळ आहे, जागा आहे आणि 'कुणाला देऊ नये' अशी यादीही आहे. तेलाचा हात फिरवला तरी त्याची नोंद गोळीसारखीच करायची. हे पटत नसेल तर रुग्णाला हात न लावलेला बरा.

पूरक उपचार म्हणजे जोडीचे उपचार. कर्करोगाचं तीव्र दुखणं मॉर्फिनसारख्या औषधानं आटोक्यात येतं, मालिशनं नाही. साधी मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायला लागल्यावर नव्हे. मॉर्फिन बनतं अफूपासून, आणि माळव्यात इथेच घोडं अडतं. मंदसौर-नीमचकडे अफूची परवान्याची शेती आहे, नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. त्यामुळे 'अफीम' म्हणजे काय हे इथे घरोघरी ठाऊक असतं आणि तिची धास्तीही असते. नातेवाईक ही धास्ती डॉक्टरांपुढे बोलून दाखवत नाहीत. पाय चेपणाऱ्याला, पट्टी बदलणाऱ्या सिस्टरला हळूच विचारतात, 'बाबांना अफीम देताय का?' उत्तर तयार ठेवा. दुखण्यासाठी मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडानं दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळ. गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. आणि मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवंच. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन मिळणं फार अवघड करून ठेवलं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं नियम पुष्कळ सुटसुटीत झाले. तरीही, ज्या मुलखात अफू पिकते तिथलाच माणूस केवळ भीतीपोटी कण्हत राहतो, हे आम्हाला फार लागतं. म्हणून मसाजचं तंत्र शिकण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिका.

रेचकाबद्दल एक इशारा. घरात हाताशी असतो इसबगोल. पण तो फुगायला पाणी लागतं. दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाणी पिणाऱ्या, मॉर्फिनवर असलेल्या रुग्णाच्या आतड्यात त्याचा गोळा होऊन अडकतो. बिसाकोडिल किंवा सोनामुखीची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. मळमळीची तक्रार आली तरी आधी पोट कधी साफ झालं ते विचारा. पुष्कळदा कारण तिथेच सापडतं. मग मळमळीसाठी दाबायचा मनगटावरचा बिंदू: तळहाताच्या बाजूला मनगटाच्या घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या रुंदीइतकं वर, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये. अंगठ्यानं २-३ मिनिटं दाबायचं, मग दुसरा हात. रुग्णाला स्वतःला करता येतं, हा याचा मोठा फायदा.

आता मालिश. आपल्याकडे मालिश म्हटलं की बाळ-बाळंतिणीला चोळणाऱ्या बाईचा जोर आठवतो. तो जोर इथे विसरायचा. दाबाच्या पाच पायऱ्या धरल्या तर या कामात पहिल्या दोनच वापरायच्या: पहिली, लोशन नुसतं पसरण्याइतकी, दुसरी, तेल मुरवण्याइतकी. हाताखाली स्नायू हलताना जाणवला तर दाब जास्त झालाय.

सुरुवात पायांनी करू नका, हातांनी करा. घरच्या मोठ्यांचे पाय चेपणं आपल्याला सहज वाटतं, पण पन्नाशीच्या सिस्टरनं पंचविशीच्या मुलाच्या पायाला हात लावला की तो पाय ओढून घेतो, आणि तो अवघडलेपणा शेवटपर्यंत जात नाही. आधी विचारा, 'हात चोळून देऊ का?' नकार आला तर विषय संपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. बाईमाणसाला परक्या पुरुषाचा हात नको असेल तर लेकीला किंवा सुनेला शिकवा.

नखं कापलेली, घड्याळ-बांगड्या-अंगठी काढलेली, हात धुतलेले. दोन्ही हातांसाठी मिळून छोटा चमचाभर, म्हणजे ५ मिली, तीळ किंवा खोबरेल तेल. ते आधी आपल्या तळव्यात कोमट करायचं. मॉर्फिनची गोळी घेऊन पाऊण ते एक तास झाला असेल ती वेळ उत्तम. मनगटाकडून कोपराकडे लांब हात फिरवायचा, तळहातावर अंगठ्यानं गोल, प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत, शेवटी रुग्णाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. एका हाताला ५ मिनिटं पुरतात. फार अशक्त रुग्णाला एकच हात. सलाईनची सुई असलेला हात सोडून द्यायचा.

कुठे थांबायचं ते तोंडपाठ हवं. प्लेटलेट ५०,०००च्या खाली असतील तर फक्त पहिल्या पायरीचा स्पर्श. २०,०००च्या खाली चोळणं बंद, नुसता हात धरायचा. हाडांत रोग पसरला असेल तर त्या भागावर दाब नाही, कारण साध्या दाबानंही हाड मोडू शकतं. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका, डॉक्टरांना बोलवा. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात लिम्फची खास मालिश शिकलेल्या फिजिओनंच हाताळायचा. रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर, गाठीवर, उघड्या जखमेवर मालिशसाठी काहीही लावायचं नाही. ताप असेल तर त्या दिवशी सुट्टी.

फेंटानिलचा पॅच, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं औषध कातडीतून सोडणारी चिकटपट्टी, असलेल्या रुग्णाबाबत जास्त सावध राहा. उष्णतेनं पॅचमधलं औषध भराभर अंगात उतरतं. रुग्ण गुंगीत जातो, श्वास मंदावतो. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घरचे मायेपोटी गरम पाण्याची पिशवी नेमकी त्या दंडाशी ठेवतात. पॅच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

धाप लागणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे बॅटरीचा छोटा हातपंखा. चेहऱ्यापासून साधारण १५ सेंटिमीटरवर धरून नाक आणि गालांवर ५ मिनिटं वारा घ्यायचा. तिथल्या चेतातंतूंना गार वारा लागला की धाप लागल्याची जाणीव कमी होते. सोबत पुढे झुकून उशीवर कोपरं टेकून बसवा आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडायला सांगा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. योग शिकून आलेल्यांनी इथे कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) बाजूला ठेवावेत. मेंदूत गाठ असलेल्याला, खूप अशक्त माणसाला त्यानं अपायच होतो.

सुगंधाची मात्रा सगळ्यात जास्त चुकते. ३० मिली साध्या तेलात सुगंधी तेलाचे ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का. वृद्ध, अशक्त माणसाला ३ थेंब पुरे. मळमळीला आल्याच्या किंवा पुदिन्याच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन हुंगायला द्यावा. केमोच्या दिवशी मात्र रुग्णाचा आवडता वास वापरू नका, नाहीतर पुढे त्याच वासानं उलटी येईल. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेला दुर्गंधी असते. आपल्या भागात गुटख्यामुळे असे रुग्ण पुष्कळ. तिथे उदबत्ती लावू नका. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची पूड जखमेवर वापरली की वासाचं मूळच कमी होतं. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, धूप, कापूर काहीही पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा दुसऱ्या खोलीत लावा. मराठी घरात हे सांगताना सासूबाईंशी नीट, आदरानं बोला. विजेचा दिवा चालतो हे बहुतेकांना पटतं.

संगीत रुग्णाच्या आवडीचं, हलक्या आवाजात, २०-३० मिनिटं. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी आजोबांना नाट्यपद लागेल, झाबुआच्या आदिवासी माणसाला मांदळ, म्हणजे त्याचा ढोल. कुमार गंधर्व देवासला राहिले, इथल्या निर्गुणी भजनांचा नाद त्यांच्या गाण्यात उतरला, म्हणून ती भजनं लावायचा मोह होतो. पण आजार कुठवर आलाय हे ज्याला अजून कुणी सांगितलेलं नाही, त्याला हंस उडून जाण्याचं भजन ऐकवणं म्हणजे न विचारता निकाल सांगणं. त्यानं मागितलं तर जरूर लावा.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: रुग्णाच्या उशाशी असलेल्या सगळ्या पुड्या, काढे, रस यांची यादी करा, रागावू नका. रागावलात तर पुड्या लपवल्या जातात. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याला हळदीच्या कॅप्सूल म्हणजे रक्तस्रावाचा धोका. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. मूत्रपिंड अशक्त असेल तर भस्म नको. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना गव्हांकुराचा कच्चा रस नको. गिळताना ठसका लागत असेल तर तेलाचा गंडूष (तोंडात तेल धरून ठेवणं) नको, तेल फुप्फुसात जातं. त्याऐवजी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा घालून त्यात बुडवलेल्या गॉजनं तोंड पुसून घ्या. 'बरं करतो' हे शब्द कधीच वापरायचे नाहीत. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४च्या जादुई उपचारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या आशेवर लोक शेत विकतात.

नोंदीसाठी एडमंटन मोजपट्टी शिका: दुखणं, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, धाप, उदासी, चिंता, एकूण बरं वाटणं, प्रत्येकाला ० ते १०. आकडे न कळणाऱ्याला दहा बोटं दाखवायला सांगा. जुन्या माणसांना 'रुपयात किती आणे दुखतं' हे जास्त कळतं, मात्र एका रुग्णाला शेवटपर्यंत एकच माप. उपचाराआधी आणि नंतर अर्ध्या तासानं आकडा लिहा. लागोपाठ तीन वेळा फरक नसेल तर तो उपचार बंद करा. निमाडी किंवा भिली बोलणाऱ्या रुग्णाचा आकडा नातेवाइकानं सांगितला असेल तर तसं शेजारी लिहा, कारण नातेवाईक आकडा कमी करून सांगतात.

कामाच्या बाजूनं पाहिलं तर 'पूरक उपचार तज्ज्ञ' असं वेगळं पद बहुतेक रुग्णालयांत नसतं. नर्स, फिजिओ किंवा वैद्य म्हणूनच आत जाता येतं. म्हणून मूळ पदवी आणि नोंदणी आधी पुरी करा, मग इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा किंवा पॅलियम इंडियाचा अभ्यासक्रम करा. इंदूरच्या एमवायसारख्या (महाराजा यशवंतराव) मोठ्या सरकारी रुग्णालयात खाटेला पडदा मिळेलच असं नाही; पिशवीत जुनी स्वच्छ चादर आणि दोन क्लिपा ठेवा. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठला उपचार, किती मिनिटं, कुणाला देणार नाही, काय दिसलं की थांबणार. पहिला महिना फक्त हातांच्या मालिशची परवानगी मागा. ती बहुधा मिळते.