जोडीने गणित सोडवताना ऐकणाऱ्याच्या या चुका टाळा

दोघांची जोडी करायची. एकाने गणित सोडवताना डोक्यात जे चाललंय ते सगळं मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, पुढच्या गणिताला अदलाबदल. आर्थर व्हिंबी आणि जॅक लॉकहेड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली ही पद्धत आता पुष्कळ शिक्षक वापरतात. पण बहुतेक ठिकाणी सगळं लक्ष सोडवणाऱ्याकडे असतं आणि ऐकणारा आपली पाळी येईपर्यंत वेळ काढत बसलेला असतो. खरं अवघड काम त्याचं आहे. समोरच्याची एकही पायरी न समजता पुढे जाऊ द्यायची नाही, आणि तरीही गणित स्वतः सोडवायचं नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ऐकणारा स्वतःच गणित सोडवायला बसतो. हुशार मुलांची तर ही हमखास खोड. गणित वाचलं की हात शिवशिवतात, मग कान फक्त नावाला. साधं उदाहरण घ्या: जाताना वेग ताशी ४० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ६०, तर सरासरी वेग किती? सोडवणारा म्हणतो, ‘चाळीस अधिक साठ, भागिले दोन, पन्नास.’ ऐकणाऱ्यानेही मनात पन्नासच काढलेलं असतं. उत्तरं जुळली, दोघंही खूश. प्रत्यक्षात अंतर १२० किलोमीटर धरा. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे सरासरी ४८. ‘दोनने का भागलंस?’ एवढा एकच प्रश्न तिथे हवा होता. पण स्वतःही दोननेच भागून बसलेल्याला तो सुचणार कसा?

याच्या उलट प्रकार आणखी वाईट. ऐकणाऱ्याचं उत्तर बरोबर असतं, सोडवणारी वेगळ्या पण बिनचूक वाटेने निघालेली असते, आणि हा मध्येच म्हणतो, ‘अगं, असं नाही करायचं.’ चांगली चाललेली विचारांची साखळी तिथे तुटते आणि त्या मुलीला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून मी ऐकणाऱ्याचं पेन काढून घेते. बाकावर कागद एकच, तो सोडवणाऱ्यासमोर. गणित दोघांनी आधी नीट वाचायचं, मग ऐकणाऱ्याने समोर न बसता शेजारी बसायचं, म्हणजे कागदावर काय उतरतंय ते त्याला सरळ दिसतं.

दुसरी चूक म्हणजे ‘हं… हं… बरोबर, पुढे.’ ही मला सगळ्यात जास्त खटकते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की तास फार छान चाललाय.

एक प्रसिद्ध प्रश्न आहे: एका विद्यापीठात विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या सहापट आहे, तर समीकरण लिहा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तो दिला, तेव्हा ३७ टक्के मुलं चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी समीकरण उलटं लिहिलं होतं. माझ्या वर्गातही एका मुलीने लिहिलं, ६वि = प्रा. शेजारचा म्हणाला, ‘हं, बरोबर.’ मागच्या दोन बाकांवरही तेच समीकरण आणि तोच हुंकार.

मी उत्तर सांगितलं नाही. त्या मुलाला एवढंच म्हटलं, तिने लिहिलेलं प्रत्येक अक्षर कशासाठी आहे ते विचार.

‘वि म्हणजे काय गं?’

‘विद्यार्थी.’

‘म्हणजे एक विद्यार्थी, की किती विद्यार्थी?’

ती थांबली. ‘किती आहेत ते.’

‘मग तू लिहिलंयस ते पूर्ण वाच.’

‘विद्यार्थ्यांची संख्या गुणिले सहा बरोबर प्राध्यापकांची…’ वाक्य पुरं व्हायच्या आत तिने ते खोडलं आणि लिहिलं, वि = ६प्रा. मुलाने तिला काहीही सांगितलं नव्हतं. फक्त मान डोलवायचं थांबवलं होतं.

माझ्या वर्गात ऐकणाऱ्याला ‘बरोबर’ म्हणायची बंदी आहे. ‘हे कशावरून?’, ‘आत्ता काय केलंस ते पुन्हा सांग’, ‘हे अक्षर कशासाठी?’ असल्या प्रश्नांवर काम भागतं. चूक दिसलीच तर ‘ही पायरी पुन्हा तपास’ म्हणायचं. दुरुस्ती सोडवणाऱ्यानेच करायची.

प्रश्नाच्या आडून उत्तर देणं ही चूक मुलं आपल्या शिक्षकांकडूनच उचलतात. ‘इथे लसावि काढायला नको का?’ हा प्रश्न नव्हे, उत्तरच आहे. माझी कसोटी अशी: उत्तर माहीत नसलेल्यालाही जो विचारता येईल, तोच खरा प्रश्न.

आणखी एक चूक म्हणजे शांततेची भीती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणं येऊ लागतात. मुलांना मी खूण सांगून ठेवली आहे: हात चालू आणि तोंड बंद असेल, तर लगेच टोका, ‘काय करतोयस ते बोल.’ हातही थांबला असेल, तर थांबा, विचार चालू आहे.

जिवलग मैत्रिणींची जोडी लावू नका, त्या एकमेकींची अर्धी वाक्यं स्वतःच पुरी करतात.

जोड्यांमध्ये शर्यत कधीही लावू नका.

एका दमात सुटणारं गणित देऊ नका. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं.

‘मुलं बोलतच नाहीत’ अशी तक्रार नवे शिक्षक दुसऱ्याच दिवशी करतात. पहिले काही तास अवघडलेपणात जाणारच. तेवढा धीर नसेल तर हे हाती घेऊ नये. वर्गासमोर स्वतः एक अनोळखी गणित मोठ्याने बोलत सोडवा आणि एका मुलाला तुमचा ऐकणारा करा. आणि कृपा करून ‘झटपट युक्त्या’ या तासापासून लांब ठेवा. युक्ती लावणाऱ्याकडे बोलून दाखवायला पायऱ्याच नसतात, मग ऐकणारा ऐकणार काय?

उत्तर आलं की मी सोडवणाऱ्याला काही विचारत नाही. ऐकणाऱ्याला विचारते, ‘हिने कसं केलं? कुठे अडली? मग काय बदललं?’ त्याला सांगता आलं नाही, तर उत्तर कितीही अचूक असलं तरी दोघांना तसंच आणखी एक गणित देते आणि त्यालाच पुन्हा ऐकणारा करते.