सोयाबीनच्या हंगामात सर्व्हरला हात लावायचा नाही

लातूरच्या आडत बाजारात दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक अंगावर येते. सौदा झाला की माप, माप झालं की पट्टी. टेम्पोचं भाडं चढत असताना शेतकऱ्याला "मामा, जरा थांबा, अपडेट चालू आहे" म्हणायची मुनीमजींची हिंमत होत नाही. ते थेट मला फोन लावतात. मी इथल्या काही आडत दुकानांचे, डाळमिलांचे आणि एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळते. ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना मी एवढंच विचारते: हिला सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार?

खालची सगळी नावं लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची आहेत. डेबियन स्टेबलला 3 वर्षं पूर्ण आणि पुढं 2 वर्षं एलटीएसचा, म्हणजे लांब मुदतीचा आधार मिळतो. उबुंटू एलटीएसला 5 वर्षं, अल्मालिनक्स आणि रॉकीला 10. उबुंटूच्या दोन एलटीएसच्या मधल्या आवृत्त्या 9 महिन्यांत संपतात. त्या लॅपटॉपवर खुशाल वापरा. तारीख मात्र दरवर्षी पुन्हा तपासा. सेंटॉस 8 चं 2029 पर्यंत चालेल म्हणून सांगितलं होतं, डिसेंबर 2020 मध्ये बेत बदलल्याचं जाहीर झालं आणि 31 डिसेंबर 2021 ला ते बंदही पडलं.

आता ज्यावर हमखास वाद होतो ते. पतसंस्थेच्या तपासणीला आलेल्या एका साहेबांनी डेबियन 12 वरचं ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम) 9.2 बघून शेरा मारला: जुनी आवृत्ती, 9.8 टाका. जुलै 2024 मध्ये उघड झालेली ती मोठी त्रुटी 9.8 मध्ये दुरुस्त झाली, हे खरंच. पण डेबियननं नवी आवृत्ती न आणता तेवढीच दुरुस्ती 9.2 मध्ये आणून बसवली. वरचा आकडा तोच, शेपटीला 'डेब12यू3' लागलं. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडला की त्रुटीचा क्रमांक त्यातच दिसतो: सीव्हीई-2024-6387. मी त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. असा शेरा आला म्हणून बाहेरून 9.8 आणून बसवू नका. तसं केलं की पुढच्या दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

आपोआप अपडेट करणारं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' बसवा आणि त्याला फक्त सुरक्षा दुरुस्त्यांची परवानगी ठेवा. बाकीचे अपडेट स्वतः, यादी वाचून. आपोआप रीस्टार्ट मुळात बंदच असतं, तसंच राहू द्या. पण म्हणून रीस्टार्ट टाळू नका! नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) डिस्कवर आला तरी चालू असतो तो जुनाच. "आमचा सर्व्हर दोन वर्षं बंद पडला नाही" असं कुणी मिरवलं की मला पहिली शंका हीच येते. 'नीडरीस्टार्ट' चालवलं की कोणत्या सेवा अजून जुन्या लायब्ररीवर अडकल्यात ते कळतं. रीस्टार्ट बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, लाइट आहे याची खात्री करून.

मोठं अपग्रेड आषाढ-श्रावणात. मे महिन्यात नको. उन्हानं खोली तापलेली, त्यात वळवाचा पाऊस आला की लाइट गुल. मार्चअखेर तर पतसंस्थेच्या दारातसुद्धा जाऊ नये. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं, पण 12 ला एलटीएस धरून जून 2028 पर्यंत आधार आहे, घाई कशाची? मधली आवृत्ती ओलांडता येत नाही हेही ध्यानात ठेवा: 11 वरून आधी 12, मगच 13.

आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर पूर्ण उतरवा आणि अपग्रेड तिथं करून बघा. मुनीमजींना शेजारी बसवा, एक खोटी पट्टी फाडायला लावा. हमाली, तोलाई बरोबर कापली जाते का, डॉट मॅट्रिक्सवर मराठी नावं नीट छापतात का, हे त्यांना तुमच्या आधी दिसेल. सगळं जमलं तरच खऱ्या सर्व्हरवर नवी डिस्क लावून तेच करा. जुनी डिस्क दिवाळी होईपर्यंत पुसू नका.